गोधडीचें शिक्षण : सात दिवसांचें कीं वर्षाचें ?

शेतीस जोडधंदा हवा, हें वाक्य आतां इतक्या वेळां बोललें गेलें आहे कीं, तें कानांवर पडलें तरी मनांत उतरत नाहीं. कोंबड्या पाळाव्या, मधमाशा ठेवाव्या, पापड-लोणचीं करावीं, शिवणकाम शिकावें, अशा सूचनांचा तोटा नाहीं; आणि सूचनेच्या पाठोपाठ शिक्षणवर्गही निघतात. परंतु वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनीं त्याच गांवीं जाऊन पाहावें, तर प्रमाणपत्र भिंतीवर आणि धंदा मात्र कोठेंच नाहीं, असें वारंवार आढळतें. असें कां व्हावें, याचा विचार एका विशिष्ट कलेच्या निमित्तानें करावा, असें आम्ही योजिलें आहे. ती कला म्हणजे आमच्या घरोघरची गोधडी, जिला दक्षिण महाराष्ट्रांत वाकळ म्हणतात.

गोधडी म्हणजे नुसती चिंध्यांची भर, असा समज ज्यांनीं ती शिवतांना कधीं पाहिली नाहीं त्यांचाच होऊं शकेल. वस्तुतः तिच्यांत निवड, मांडणी आणि शिवण अशीं तीन स्वतंत्र कामें आहेत व प्रत्येकास वेगळें शहाणपण लागतें. नऊवारी लुगडें सुमारें सव्वाआठ मीटर लांब असतें. पण तें सर्व ठिकाणीं सारखें विरत नाहीं. बसण्याउठण्याच्या जागीं तें आधीं जातें. पदर व कांठ मागें राहतात. कोणता भाग आंत दडवावा, कोणता वर घ्यावा, कोणता टाकूनच द्यावा, हें बोटांच्या स्पर्शानें ठरवावें लागतें. मग सारवलेल्या जमिनीवर तळाचें कापड ताणून पसरावयाचें, त्यावर आंतले थर, त्यावर रंगांचे तुकडे. लांब कच्चे टांके घालून सर्व थर जागच्या जागीं धरावयाचे. आणि मग कांठापासून मध्याकडे, चौकटींत चौकट याप्रमाणें धांवदोऱ्याच्या ओळी भरीत जावयाचें. दोरा एके ठिकाणीं घट्ट आणि दुसरीकडे सैल पडला कीं मध्यें फुगा येतो, कोपरे वळतात आणि धुतांना आंतलें कापड गोळा होतें. तान्ह्या मुलाचें दुपटें असेल तर सर्वांत मऊ कापड वर घ्यावयाचें आणि जाड शिवण अंगाखालीं येऊं द्यावयाची नाहीं, हें निराळेंच.

हें ज्ञान आमच्या आयाआज्यांस कोणत्या वर्गांत मिळालें? सात-आठ वर्षांची मुलगी आजीला सुईंत दोरा ओंवून देई, कारण आजीची नजर मंदावलेली असे. तोच तिचा पहिला धडा. पुढें तिच्याकडे कच्चे टांके येत, मग कडेच्या ओळी, मग मधला भाग. तुकडे कसे मांडावे हें मात्र थोरल्या बाईनें ठरवावयाचें आणि धाकटीनें पाहावयाचें. पांच-सहा उन्हाळे असें पाहिल्यावर केव्हां तरी आजी म्हणे, "आतां तूं मांड." म्हणजे आमच्या घरांत हा अभ्यासक्रम पूर्वींपासून होताच, आणि तो चांगला दीर्घ मुदतीचा होता, त्याला नांव नव्हतें व प्रमाणपत्र नव्हतें, इतकेंच.

ती परंपरा आतां तुटत चालली आहे. सुती लुगड्याची जागा पॉलिएस्टरच्या साडीनें घेतली. तें कापड सुईखालीं सरकतें, घाम टिपत नाहीं आणि जुनें झालें तरी सुती कापडासारखें मऊ पडत नाहीं. बाजारांत तयार ब्लँकेट स्वस्त झालें. मुली शाळा-कॉलेजांत जाऊं लागल्या, ही तर आनंदाची गोष्ट आहे. पण त्यामुळें आजीजवळ बसण्याच्या दुपारी गेल्या, हेंही तितकेंच खरें. शिवाय गोधडी ही दारिद्र्याची खूण मानून लोक ती पाहुण्यांपासून लपवूं लागले. परिणाम असा कीं, ज्यांच्या हातीं ही कला पुरी आहे त्या स्त्रिया बहुधा वृद्ध आहेत, आणि ज्यांच्यांत ती जावयास पाहिजे त्यांच्यापाशीं तिचा पहिला धडादेखील नाहीं. या वृद्ध स्त्रियांबरोबर जें जाईल, तें पुस्तकांतून परत आणतां येणार नाहीं.

आतां शासनाच्या व्यवस्थेकडे वळूं. कारागिरांसाठीं केंद्र सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ रोजीं पी. एम. विश्वकर्मा योजना सुरू केली. तींत १८ व्यवसाय धरले आहेत. मूलभूत शिक्षण पांच ते सात दिवसांचें, पुढील शिक्षण पंधरा दिवसांचें वा अधिक, शिकतांना दिवसास ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, अशी तिची रचना आहे. भत्ता देण्याचें तत्त्व आम्हांस सर्वथा मान्य आहे. परंतु त्या अठरांत शिंपी आहे, गोधडी शिवणारी नाहीं. दुसरें असें कीं, जो आधींच शिंपी आहे त्यास सात दिवसांत नवें यंत्र वा नवी युक्ति दाखवितां येईल; पण जिनें सुई धरलेली नाहीं तिला सात दिवसांत गोधडी येणार नाहीं. अल्प मुदतीचा वर्ग जाणत्याच्या ज्ञानांत भर घालूं शकतो. अजाणत्यास जाणता करूं शकत नाहीं. हा भेद न पाळल्यामुळेंच प्रमाणपत्रें वाढतात आणि कारागीर वाढत नाहींत.

कोणी म्हणेल, एवढ्या खोल शिक्षणाची गरजच काय? साधी गोधडी शिवावी आणि विकावी. त्यास आमचें उत्तर हिशेबाचें आहे. पांच फूट रुंद व सात फूट लांब गोधडी घ्या. ६० इंच गुणिले ८४ इंच म्हणजे ५,०४० चौरस इंच झाले. दोन ओळींमध्यें अर्धा इंच अंतर धरलें तर टांक्यांची ओळ १०,०८० इंच, म्हणजे ८४० फूट भरते. इंचास चार टांके धरले तर चाळीस हजारांवर टांके झाले. मिनिटास वीस टांके सतत पडत राहिले, तरी नुसत्या शिवणीस साडेतेहतीस तास लागतात. कापड निवडणें, मांडणें, कच्चे टांके घालणें आणि कड शिवणें यांचे आठ-नऊ तास मिळवा. एकूण बेचाळीस तास होतात. आठ तासांचा दिवस धरल्यास ही सवापांच दिवसांची मजुरी झाली. तीनशें रुपये रोज धरला तर ती १,५७५ रुपये होते, आणि तींत दोरा नाहीं, कापड नाहीं, बाजारांत जाण्यायेण्याचा खर्च नाहीं. ज्यांच्या गांवीं रोज कमीअधिक असेल त्यांनीं आपला आकडा घालून पाहावा. निष्कर्ष बदलणार नाहीं. स्वस्त म्हणून विकली जाणारी गोधडी यंत्रावर शिवलेल्या रजईपुढें टिकणार नाहीं, आणि टिकविली तर तिचा तोटा शिवणारीच्या बोटांतून भरून निघेल. पुरी मजुरी देणारें गिऱ्हाईक एकच : ज्याला ती गोधडी पाहतांच कळतें कीं, अशी दुसरी नाहीं. तें वेगळेपण मांडणींत आहे, आणि मांडणीची नजर हीच सर्वांत सावकाश येणारी वस्तु आहे.

या म्हणण्यास आधार म्हणून आपल्याप्रमाणेंच कापूस पिकविणाऱ्या एका दूरच्या गांवाची हकीकत सांगतों. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत, अलाबामा नदीच्या वळणांत जीज बेंड नांवाची वस्ती आहे. तेथील लोक मळ्यावरील गुलामांचे वंशज. मुक्तीनंतरही ते कुळें म्हणून कापूसच पिकवीत राहिले. १९३२ सालीं त्यांना उधारी देणारा व्यापारी वारल्यावर त्याच्या घरच्यांनीं एकदम वसुली लाविली आणि अवजारें, जनावरें, धान्यसुद्धां उचलून नेलें. सावकारी ज्यांनीं भोगली आहे, त्या आमच्या वाचकांस याहून अधिक वर्णन नको. त्या गांवच्या स्त्रिया नवऱ्यांचे विरलेले कामाचे कपडे व जुनीं पोतीं फाडून पांघरुणें शिवीत, आणि हें काम आईकडून मुलीकडे येई. १९६६ सालीं त्या भागांतील स्त्रियांनीं फ्रीडम क्विल्टिंग बी या नांवाची सहकारी संस्था काढिली. तिला मोठ्या दुकानांच्या मागण्या मिळाल्या व घरांत रोकड आली. पण दुकानांस सर्व नग एकसारखे हवे असत, म्हणून स्वतःच्या कल्पनेस तेथें फारसा वाव राहिला नाहीं. पुढें २००२ सालीं ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयांत जीं पांघरुणें मांडलीं गेलीं व ज्यांची कीर्ति देशभर झाली, तीं दुकानासाठीं शिवलेलीं नव्हतीं; तीं घरासाठीं, स्वतःच्या नजरेनें मांडलेलीं होतीं. २००६ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें त्यांचीं तिकिटेंही काढिलीं.

या हकीकतीचा उत्तरार्धही विसरूं नये. कीर्ति झाल्यावर मिळकतीच्या वांट्यावरून वाद निघाले आणि २००७ सालीं कांहीं कारागीर स्त्रियांस न्यायालयांत जावें लागलें. म्हणजे हाताचें कौशल्य आलें तरी हिशेब, हक्क आणि नांव यांचें ज्ञान नसेल, तर फळाची वांटणी दुसऱ्याच्या हातीं राहते. आमच्या अभ्यासक्रमांत या विषयास जागा हवी ती यासाठीं.

आपल्या देशांतही उदाहरणें आहेत. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी हीं दोन्ही मुळांत जुन्या धोतर-साड्यांवर घातलेल्या साध्या धांवदोऱ्याचींच कामें. आज दोहोंस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. महाराष्ट्राच्या सीमेजवळ उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर या बाजूस सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले, त्यांपैकीं पुष्कळ पोर्तुगीज गोव्याच्या मार्गानें. त्यांच्या स्त्रिया कौंदी शिवतात, तीही आमच्या गोधडीप्रमाणें कडेपासून मध्याकडे; आणि चारी कोपऱ्यांस घडी घातलेले रंगीत तुकडे लावतात, त्यांस 'फुला' म्हणतात. टांका तोच, कापड तेंच, पण त्यांची कौंदी आणि आमची वाकळ शेजारी ठेविल्यास लांबूनही ओळखूं येतात. प्रत्येक प्रदेशाची स्वतःची मांडणी असते, आणि ती शिकविणारें त्या प्रदेशांतील माणूसच असावें लागतें.

यास्तव आमची सूचना अशी आहे. आमच्या सभेनें एकाच तालुक्यांत, पंधरा शिकाऊ स्त्रिया घेऊन, पूर्ण एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवून पाहावा. तो शेतीच्या वर्षाप्रमाणें बेतलेला असावा. कारण खुरपणीच्या ऐन दिवसांत वर्गास बोलावणें म्हणजे वर्ग बुडविणेंच होय. गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत सुमारें दहा आठवडे मिळतात. त्यांत आठवड्यास तीन दुपारी, तीन तीन तास. कापडाची पारख, ताण, टांका आणि कोपरा एवढेंच या भागांत शिकवावें व प्रत्येकीनें आपल्या घरासाठीं एक गोधडी पुरी करावी. मृगापासून दसऱ्यापर्यंत सोळा आठवडे, आठवड्यास एकच दुपार. त्यांत लहान दुपटीं व चौकोन-त्रिकोणांच्या मांडणीचे नमुने. दिवाळीनंतर बारा आठवडे, तेही आठवड्यास एकदांच; त्यांत रंगांची संगत, आणि गांवांतील जुन्या गोधड्या घरोघर जाऊन पाहणें व त्यांचे नमुने कागदावर उतरविणें. शेवटीं माघ-फाल्गुनांत आठ आठवडे पुन्हां तीन तीन दुपारी; या भागांत प्रत्येकीनें स्वतःच्या मांडणीची एक गोधडी करावी व तिचा हिशेब, किंमत आणि विक्री शिकावी. एकूण तास २४६ होतात. ऊंस वा कापूस अधिक असेल तेथें हिवाळ्याचा भाग तोडणी-वेचणीच्या मानानें पुढेंमागें करावा.

वर्षच कां, असें कोणी विचारील. त्याचें खरें कारण तासांत नाहीं. गोधडीची परीक्षा ती शिवून झाली त्या दिवशीं होत नाहीं. ती वापरण्यांत व धुण्यांत होते. उन्हाळ्यांत शिवलेली पहिली गोधडी शिकणारीनें पावसाळाभर घरांत वापरावी, घटस्थापनेपूर्वीं रिवाजाप्रमाणें धुवावी आणि मग वर्गांत परत आणावी. रंग कोठें फुटला, दोरा कोठें तुटला, आंतला थर कोठें सरकला, हें तेव्हां तिला स्वतःच्या डोळ्यांनीं दिसेल. शिक्षिकेनें दहा वेळां सांगून जें कळणार नाहीं, तें त्या एका धुण्यानें कळेल. जी चूक सहा महिन्यांनीं दिसते ती सात दिवसांच्या वर्गांत शिकवितां येत नाहीं. पेरणीपासून मळणीपर्यंत एक हंगाम पाहिल्याशिवाय कोणास शेतकरी म्हणत नाहींत. हाच न्याय येथें लागू आहे.

शिक्षक म्हणून गांवांतीलच दोन-तीन वृद्ध स्त्रिया नेमाव्या आणि त्यांस शिक्षकाच्या मानानें मानधन द्यावें. त्यांस अक्षरओळख नसली तरी चालेल; हिशेब शिकविण्यास दुसरें माणूस मिळतें. आजीच्या हाताखालीं प्रमाणपत्रवाली शिक्षिका सहायक म्हणून बसावी, उलट नव्हे. शिकणाऱ्या स्त्रियांसही भत्ता मिळाला पाहिजे. ज्या घरांत रोजगारावर चूल पेटते, त्या घरच्या बाईची दुपार फुकट मागणें हा अन्याय आहे. भत्ता नसेल तर वर्गांत फक्त त्याच येतील ज्यांना धंद्याची गरज कमी आहे, आणि मग वर्ष संपल्यावर आम्ही पुन्हां विचारूं कीं, धंदा कां उभा राहिला नाहीं.

शिवाय कापडाचा प्रश्न आहे. शिकणारीस पहिल्याच आठवड्यांत सुती व कृत्रिम धागा ओळखतां आला पाहिजे. युक्ति सोपी आहे : एक सूत काढून जाळावें, सूती असेल तर कागदासारखा वास येऊन मऊ राख पडते, पॉलिएस्टर असेल तर तें वितळून त्याचा कठीण मणी होतो. नवें कापड आधीं धुवून आटवून घ्यावें, आणि गडद रंगाचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यांत दाबून त्याचा रंग लागतो कीं काय तें पाहावें. जुनीं सुती लुगडीं दुर्मिळ होत असल्यानें शिंप्याकडील सुती कातरणाचा उपयोग करावा लागेल, आणि तें खरेदी करण्याची व्यवस्था सभेनें एकत्र केल्यास स्वस्त पडेल. जो शेतकरी कापूस पिकवितो त्याच्याच घरीं कृत्रिम धाग्याचें पांघरूण असावें, यांतली विसंगति आमच्या वाचकांनीं स्वतःच ताडून पाहावी.

या सूचनेवर मुख्य आक्षेप खर्चाचा येईल. एका वर्गाच्या खर्चांत अनेक लहान वर्ग होतील आणि अहवालांत पंधराच्या जागीं कितीतरी अधिक नांवें येतील, हें आम्ही जाणतों. परंतु अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण संस्थांसही लागू आहे. पैसा थोडा असेल तर तो थोड्या माणसांवर, पण पुरा खर्च करावा. पंधरांपैकीं सातआठ जणी जरी पुऱ्या तयार झाल्या, तरी पुढील वर्षीं त्याच शिकवितील, आणि तुटलेली साखळी त्या गांवापुरती तरी पुन्हां जुळेल. उलट, दीडशें जणींस सात सात दिवस शिकविलें तर पुढील वर्षीं शिकविणारी एकही मिळणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, ही कला विक्रीस काढल्यानें तिचें घरगुती प्रेम जाईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. विकण्याची गोधडी वेगळी आणि नातवासाठीं शिवलेलें दुपटें वेगळें, हा भेद शिवणाऱ्या बाईस आमच्यापेक्षां अधिक चांगला कळतो. मात्र विक्रीच्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यांत शिवणारीचें नांव सुतानें भरलेलें असावें आणि तिच्या मांडणीची नोंद सभेच्या वहींत राहावी, असा आमचा आग्रह आहे. शेतकऱ्याच्या मालावर व्यापाऱ्याचा छाप पडतो आणि पिकविणारा निनांवी राहतो, हें दुःख आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसलें. तें आमच्या लेकीसुनांच्या वांट्यास पुन्हां येऊं नये.

सभेच्या येत्या वार्षिक बैठकींत हा प्रश्न मांडला जाईल, अशी आमची अपेक्षा आहे. तोंवर वाचकांनीं एक काम अवश्य करावें. आपल्या गांवांत पूर्ण गोधडी मांडतां येणाऱ्या स्त्रिया किती आहेत, त्यांचीं वयें काय आणि त्यांच्याजवळ शिकावयास कोणी बसतें कीं नाहीं, याची यादी करून सभेकडे पाठवावी. ती यादी हातीं आल्यावर आमच्या युक्तिवादाची फारशी गरज उरणार नाहीं. त्यांतील वयांचे आकडेच सांगतील कीं, वर्ग यंदाच्या पाडव्यास उघडावा कीं आणखी एक वर्ष थांबावें.